कॉलेज फुटबॉल संघाच्या आगामी हंगामाचा अंदाज कसा बांधावा: फ्लोरिडा स्टेटच्या २०२४ च्या उदाहरणावरून

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याआधीचे काही महिने प्रत्येक मोठ्या संघापुढे स्पोर्ट्सबुकांनी, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपन्यांनी, एक आकडा मांडून ठेवलेला असतो. नियमित हंगामातल्या बारा सामन्यांपैकी हा संघ त्या आकड्यापेक्षा जास्त जिंकेल की कमी, एवढाच पैजेचा प्रश्न असतो आणि या पैजेला तिथे ‘विन टोटल’ म्हणतात. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, कायद्याने परवानगी असलेल्या राज्यात छोट्या रकमेची पैज लावू पाहणाऱ्या आणि या खेळात नवख्या असलेल्या मराठी वाचकासाठी आहे. बाजाराचा आकडा पाहण्याआधी आपला आकडा कागदावर कसा काढावा आणि मग त्या आपल्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, हे यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. उदाहरणासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा २०२४ चा संघ घेतला आहे, कारण त्या वर्षी या संघाबाबत जवळपास सगळेच चुकले आणि त्यामुळे ही पद्धत कुठवर साथ देते आणि कुठे संपते, या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात दिसतात.

कायदा आधी पाहावा

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी ‘मर्फी विरुद्ध एनसीएए’ (एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था) या खटल्यात क्रीडा पैजांवरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि निर्णय राज्यांकडे गेला. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या सर्वांत मोठ्या राज्यांत अशा पैजांना अजून परवानगी नाही. फ्लोरिडात ऑनलाइन पैज सेमिनोल जमातीच्या ‘हार्ड रॉक बेट’ या अ‍ॅपवरच घेतली जाते. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत स्थानिक कॉलेजांच्या संघांवर पैज लावता येत नाही, म्हणजे रटगर्सचा सामना पाहता येईल, पण त्यावर पैसे लावता येणार नाहीत. बहुतेक राज्यांत वयाची अट २१ वर्षे आहे आणि जिंकलेली रक्कम करपात्र असते. कॉलेजचे खेळाडू आणि क्रीडा विभागाचे कर्मचारी यांना एनसीएएच्या नियमांनुसार पैज वर्ज्य आहे. भारतात असलेल्या वाचकांनी हा लेख केवळ खेळ समजून घेण्यासाठी वाचावा, कारण २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

पायरी पहिली: आकडा आणि त्याचा भाव

नवखा माणूस आकडा पाहतो आणि भाव विसरतो. समजा, एका संघाची विन टोटल साडेनऊ आहे, ‘ओव्हर’चा (जास्त विजयांचा) भाव +१२० आणि ‘अंडर’चा (कमी विजयांचा) −१४० आहे. याचा अर्थ असा की, ओव्हरवर १०० डॉलर लावून जिंकल्यास १२० डॉलर नफा मिळेल, तर अंडरवर १०० डॉलर नफा मिळवण्यासाठी १४० डॉलर लावावे लागतील. भावातून शक्यता काढणे सोपे आहे: १४० ला २४० ने भागले की ५८.३ टक्के येतात आणि १०० ला २२० ने भागले की ४५.५ टक्के. दोन्हींची बेरीज १०३.८ होते आणि शंभरावरचा हा भाग स्पोर्ट्सबुकाची कमाई असतो. तो काढून टाकला की बाजाराच्या मते अंडरची शक्यता सुमारे ५६ टक्के उरते. एरवी दोन्ही बाजूंना −११० असा भाव असतो आणि त्या भावाला निव्वळ बरोबरीत राहण्यासाठीसुद्धा १०० पैकी ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात.

विन टोटलमध्ये साधारणपणे नियमित हंगामाचेच सामने धरतात. कॉन्फरन्सचा (संघांच्या गटाचा) अंतिम सामना, बाउल (हंगामानंतरचे निमंत्रित सामने) आणि प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) त्यात येत नाहीत. एखादा सामना रद्द झाल्यास पैजेचे काय होईल, याचा नियम प्रत्येक स्पोर्ट्सबुकाचा वेगळा असतो आणि तो पैसे लावण्याआधी वाचावा. शिवाय ही पैज ऑगस्टमध्ये लावली तर पैसे डिसेंबरपर्यंत अडकून राहतात, ही गोष्ट हौशी माणूस हिशेबात धरत नाही.

पायरी दुसरी: गेल्या वर्षीच्या निकालातून नशीब वेगळे करावे

गेल्या हंगामातले विजय आणि पराभव जसेच्या तसे पुढे नेऊ नयेत. टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा गुण आणि त्यानंतरच्या किकचा एक असे सात गुण मिळतात, फील्ड गोलचे (खांबांमधून किक मारण्याचे) तीन, आणि टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न साधला तर एका चढाईत जास्तीत जास्त आठ गुण होतात. म्हणून आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेला सामना ‘एका चढाईचा’ मानतात. अशा सामन्यांचा निकाल एखाद्या किकवर किंवा हातातून निसटलेल्या चेंडूवर फिरतो, आणि निसटलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ नाणेफेकीइतकेच बेभरवशाचे असते.

टेक्सासच्या टीसीयू विद्यापीठाने २०२२ च्या नियमित हंगामात बाराही सामने जिंकले, पण त्यातले पाच एका चढाईच्या फरकाचे होते आणि बेलर विद्यापीठाविरुद्धचा विजय अखेरच्या क्षणी मारलेल्या किकवर २९-२८ असा मिळाला होता. पुढच्या वर्षी हाच संघ ५-७ (पाच विजय, सात पराभव) वर आला. उलट नेब्रास्काने २०२१ मध्ये नऊ सामने गमावले, पण एकही दहा गुणांच्या फरकाने नाही, आणि हंगामभरात त्यांनी घेतलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा जास्त होते. अशा संघावर पुढच्या वर्षी ओव्हर लावावी, असे ही पद्धत सुचवते. प्रत्यक्षात नेब्रास्का २०२२ मध्ये ४-८ राहिला आणि प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना सप्टेंबरमध्येच जावे लागले. नशीब वेगळे काढणे हा चाचणीचा पहिला प्रश्न आहे, तिचे उत्तर नाही.

आता फ्लोरिडा स्टेटकडे वळू. २०२३ मध्ये या संघाने आपल्या एसीसी कॉन्फरन्सचे विजेतेपद धरून सलग तेरा सामने जिंकले. त्यांतले क्लेमसन, बॉस्टन कॉलेज आणि मायामी यांच्याविरुद्धचे तीनच विजय एका चढाईच्या फरकाचे होते. म्हणजे या कसोटीवर संघ खरोखर चांगला ठरत होता आणि केवळ या पायरीवर थांबलेल्या माणसाला २०२४ ची चाहूल लागणे शक्य नव्हते.

पायरी तिसरी: कोण गेले, कोण आले

कॉलेज संघात खेळाडू मुळातच तीन-चार वर्षांचे पाहुणे असतात. त्यात २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आले, २०२१ पासून संघ बदलून लगेच खेळता येऊ लागले, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. त्यामुळे कागदावरचा संघ दर वर्षी निम्मा नवा असू शकतो आणि जुन्या वर्षांची आकडेवारी पूर्वीइतकी बोलकी राहिलेली नाही.

ईएसपीएनचे बिल कॉनेली ‘रिटर्निंग प्रॉडक्शन’ नावाने दर वर्षी संघांची यादी करतात. गेल्या वर्षी मैदानावर झालेल्या कामगिरीपैकी किती टक्के कामगिरी करणारे खेळाडू परत येत आहेत, हे त्यातून कळते. नवख्याने तिथून सुरुवात करावी, पण सगळ्या जागांना सारखे वजन देऊ नये. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, जागा सर्वांत महत्त्वाची असते आणि त्याखालोखाल त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांची ओळ येते, जिच्याकडे नवा प्रेक्षक शेवटी पाहतो.

फ्लोरिडा स्टेटचा हिशेब या पायरीवर बिघडू लागतो. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस १८ नोव्हेंबर २०२३ रोजी नॉर्थ अलाबामाविरुद्ध पाय मोडून बाहेर पडला होता आणि त्याची कॉलेजची वर्षेही संपली होती. धावणारा ट्रे बेन्सन, चेंडू झेलणारे कीऑन कोलमन आणि जॉनी विल्सन, बचावातले जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क हे सगळे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. तिच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, या एका संघाचे दहा खेळाडू निवडले गेले. त्यांच्या जागी पोर्टलमधून क्वार्टरबॅक डीजे उइआंगालेले ओरेगन स्टेटहून आला, तर अलाबामा आणि जॉर्जियासारख्या बड्या संघांमधले काही खेळाडू आले.

इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते. अलाबामाहून आलेला खेळाडू म्हटले की दर्जा आपोआप सिद्ध झाला, असे वाटते. पण त्याने अलाबामा का सोडले, तिथे तो किती मिनिटे खेळत होता, हे विचारले पाहिजे. उइआंगालेले पूर्वी क्लेमसनचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता आणि २०२२ च्या अखेरीस कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातच त्याला बसवून नवख्या केड क्लबनिकला उतरवले गेले होते. ही माहिती उघड होती. ती किती गांभीर्याने घ्यायची, हा प्रश्न होता. शिवाय संघाची संरक्षक ओळ अनुभवी म्हणून नावाजली जात होती आणि तीही हंगामभर निष्प्रभ ठरली, यावरून अनुभव आणि दर्जा हे दोन वेगळे रकाने ठेवावेत, असे मी सुचवीन.

आणखी एक खूण डिसेंबरमध्येच मिळाली होती. तेरा विजय असूनही ट्रॅव्हिस जखमी असल्याने निवड समितीने फ्लोरिडा स्टेटला चार संघांच्या प्लेऑफमधून वगळले, त्यानंतर बहुतेक प्रमुख खेळाडूंनी ऑरेंज बाउल खेळण्याचे टाळले आणि जॉर्जियाने तो सामना ६३-३ असा जिंकला. बाउल सामन्यांना मी एरवी फारशी किंमत देत नाही, परंतु त्या दिवशी मैदानावर उरलेल्यांपैकी बरेच जण २०२४ च्या संघात असणार होते.

पायरी चौथी: प्रशिक्षक

ही पायरी थोडक्यात आटोपता येते. मुख्य प्रशिक्षक, आक्रमणाचा समन्वयक आणि बचावाचा समन्वयक या तिघांपैकी कोण बदलले, एवढे लिहावे. फ्लोरिडा स्टेटमध्ये माइक नॉर्व्हेल यांचे ते पाचवे वर्ष होते आणि दोन्ही समन्वयक तेच होते, म्हणून सातत्य ही जमेची बाजू धरली गेली. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठाने कर्ट सिग्नेटी हे नवे प्रशिक्षक आणले, त्यांच्यासोबत जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे तेरा खेळाडू आले आणि आदल्या वर्षी ३-९ असलेला संघ ११-२ झाला. सातत्याला आंधळेपणाने गुण देऊ नयेत, एवढे यातून घ्यावे.

पायरी पाचवी: वेळापत्रक

बारा सामने एका उभ्या ओळीत लिहावेत आणि प्रत्येकापुढे तारीख, ठिकाण आणि आधी किती दिवसांची विश्रांती आहे, हे नोंदवावे. घरच्या मैदानाचा फायदा साधारण दोन-तीन गुणांचा धरतात. त्याखेरीज पाहायच्या गोष्टी म्हणजे लांबचा प्रवास, सलग दोन परके सामने, आणि प्रतिस्पर्ध्याला मिळालेली जास्तीची विश्रांती.

फ्लोरिडा स्टेटचा २०२४ चा पहिला सामना २४ ऑगस्टला आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकशी होता. मग २ सप्टेंबरच्या सोमवारी घरी बॉस्टन कॉलेज, त्यानंतर घरीच मेम्फिस आणि कॅलिफोर्निया, डॅलसमध्ये एसएमयू, घरी क्लेमसन. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ड्यूक आणि मायामी हे लागोपाठचे दोन परके सामने, घरी नॉर्थ कॅरोलायना, आठवड्याने थंडीत नोटर डेम, आणि शेवटी घरी चार्ल्स्टन सदर्न व फ्लोरिडा विद्यापीठ. एकूण सात सामने घरी, चार परक्या मैदानावर आणि एक समुद्रापार.

प्रतिस्पर्ध्यांची ताकद गेल्या वर्षीच्या क्रमवारीवरून ठरवू नये. एसएमयू त्या वर्षी एसीसीत नवखा होता, म्हणून बऱ्याच जणांनी तो सामना सोपा मानला. प्रत्यक्षात एसएमयूने कॉन्फरन्सचे आठही सामने जिंकले आणि तो बारा संघांच्या पहिल्याच प्लेऑफमध्ये पोहोचला. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे प्रश्न थोडक्यात का होईना, प्रतिस्पर्ध्यांनाही लावावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात.

पायरी सहावी: शक्यतांची बेरीज

नवख्याची सर्वांत महागडी चूक इथे होते. तो वेळापत्रकावरून बोट फिरवत ‘हा जिंकणार, हा जिंकणार, हा हरणार’ असे म्हणत जातो आणि शेवटी दहा विजय मोजतो. पण ज्या सामन्यात संघ सत्तर टक्के जिंकण्याची शक्यता आहे, तो सामना पूर्ण एक विजय नसून ०.७ विजय आहे.

आधी प्रत्येक सामन्यात संघ किती गुणांनी वरचढ वाटतो, ते ठरवावे आणि त्याचे शक्यतेत रूपांतर करावे. ढोबळमानाने तीन गुणांनी वरचढ संघ ५७-५८ टक्के वेळा जिंकतो, सात गुणांनी वरचढ संघ सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि चौदा गुणांनी वरचढ संघ सुमारे ८५ टक्के. या मापाने फ्लोरिडा स्टेटचा त्या ऑगस्टमधला एक बऱ्यापैकी आशावादी तक्ता असा झाला असता: जॉर्जिया टेक ०.७८, बॉस्टन कॉलेज ०.८८, मेम्फिस ०.७२, कॅलिफोर्निया ०.८०, एसएमयू ०.६५, क्लेमसन ०.५५, ड्यूक ०.७५, मायामी ०.४५, नॉर्थ कॅरोलायना ०.७२, नोटर डेम ०.४०, चार्ल्स्टन सदर्न ०.९९ आणि फ्लोरिडा ०.७०. हे आकडे माझे, समजावण्यापुरते आहेत.

या तक्त्यात संघ बारापैकी दहा सामन्यांत वरचढ आहे, म्हणजे बोट फिरवून मोजणाऱ्याला १०-२ दिसेल. बेरीज मात्र ८.४ येते. त्या वर्षी बाजारात फ्लोरिडा स्टेटची विन टोटल साडेनऊच्या घरात होती आणि एपी या वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत संघ दहावा होता. दहा सामन्यांत वरचढ असणे आणि दहा सामने जिंकणे यांतला दीड विजयाचा फरक केवळ बेरजेने उघड होतो, त्यासाठी कोणतीही गुप्त माहिती लागत नाही.

पायरी सातवी: आपल्या आकड्यावर संशय घ्यावा

वरच्या तक्त्यावरून दहा किंवा अधिक विजयांची शक्यता काढली तर ती २३ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे अंडरची ७७ टक्के. पहिल्या पायरीतल्या उदाहरणासारखा −१४० भाव असता, तर बाजार तिथे ५६ टक्के म्हणत असता. इतका मोठा फरक दिसला की नवख्याला खजिना सापडल्यासारखे वाटते. माझा अनुभव असा की, तफावत जितकी मोठी, तितकी ती आपल्याच चुकीतून आली असण्याची शक्यता जास्त असते, कारण समोरच्या आकड्यात आपल्यापेक्षा जास्त माहिती असलेल्या लोकांचे पैसे आधीच उतरलेले असतात. म्हणून आपला आणि बाजाराचा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी यावे आणि त्यानंतरही फायदा उरत असेल तरच पैज लावावी.

दुसरा संशय अधिक खोलवरचा आहे. शक्यतांची बेरीज करताना आपण बारा सामने एकमेकांपासून स्वतंत्र धरतो. पण क्वार्टरबॅक वाईट निघाला तर तो एका सामन्यापुरता वाईट नसतो. संरक्षक ओळ कोसळली तर ती प्रत्येक शनिवारी कोसळते. स्वतंत्र धरलेल्या तक्त्यानुसार दोन किंवा त्याहून कमी विजयांची शक्यता जवळजवळ शून्य येते. फ्लोरिडा स्टेटने २०२४ मध्ये दोनच सामने जिंकले: कॅलिफोर्नियाविरुद्ध १४-९ असा निसटता, आणि चार्ल्स्टन सदर्न या खालच्या गटातल्या संघाविरुद्ध. डब्लिनमध्ये दहाहून अधिक गुणांनी वरचढ मानलेला हा संघ २४-२१ असा हरला, मग बॉस्टन कॉलेज आणि मेम्फिसकडूनही हरला, आणि नोटर डेमने ५२-३ असे चिरडल्यावर दोन्ही समन्वयकांना काढण्यात आले.

यावर उपाय म्हणून एकाऐवजी तीन तक्ते करावेत: क्वार्टरबॅक चांगला निघाला तर, साधारण निघाला तर, आणि फसला तर. प्रत्येक तक्त्याला आपल्या समजुतीप्रमाणे वजन द्यावे. असे केले की सरासरी फारशी हलत नाही, पण दोन्ही टोके जड होतात आणि मग ‘किमान सहा तरी जिंकेलच’ अशा भावातल्या स्वस्त दिसणाऱ्या पर्यायी पैजा तितक्या सुरक्षित वाटेनाशा होतात. मला या संपूर्ण कामातला हा भाग सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तो करायला एखादी संध्याकाळ पुरते.

पायरी आठवी: वेळ, पैसा आणि नोंदवही

ऑगस्टच्या सराव शिबिरातून येणाऱ्या बातम्या बव्हंशी गोड असतात. प्रत्येक नवा खेळाडू ‘छाप पाडत’ असतो. त्यातल्या दुखापतीच्या आणि क्वार्टरबॅकच्या निवडीच्या बातम्या तेवढ्या घ्याव्यात. एनएफएलप्रमाणे देशभर एकच सक्तीचा दुखापत-अहवाल कॉलेज फुटबॉलमध्ये नाही. कॉन्फरन्सांपैकी बिग टेनने २०२३ पासून, एसईसीने २०२४ पासून आणि एसीसीने २०२५ पासून आपापल्या संघांना खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल देणे बंधनकारक केले, आणि तेही सामन्यांच्या आठवड्यापुरते. पोर्टलचे वेळापत्रकही बदलले आहे: २०२६ पासून वसंतातली खिडकी (पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची मुदत) बंद झाली आणि जानेवारीतली एकच उरली, त्यामुळे संघाचे चित्र पूर्वीपेक्षा लवकर स्पष्ट होते आणि मे-जूनमध्ये केलेला तक्ता ऑगस्टपर्यंत बराचसा टिकतो.

एका हंगामासाठी गमावली तरी चालेल अशी रक्कम आधी बाजूला काढावी आणि एका विन टोटलवर तिच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त लावू नये. हातातले चार-पाच अंदाज एकाच कॉन्फरन्समधले असतील तर ते एकमेकांत गुंतलेले असतात, हे ध्यानात ठेवावे, कारण एकाचा पराभव हा दुसऱ्याचा विजय असतो. हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी रक्कम वाढवत नेण्याची ओढ लागली, तर १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते.

नोंदवहीत पैज लावण्याच्या दिवशीचा आकडा व भाव, आपली बेरीज, तिन्ही तक्त्यांची वजने आणि हंगाम सुरू होताना बाजार जिथे थांबला तो भाव लिहावा. आपण अंडर −११० ला घेतली आणि बाजार −१३५ वर थांबला, तर आपले वाचन बाजाराच्या आधी बरोबर दिशेने गेले होते, मग त्या एका हंगामाचा निकाल काहीही लागो. एका वर्षात आठ-दहा पैजांच्या निकालावरून आपण हुशार की सुदैवी हे कळत नाही. भावाची ही हालचाल मात्र त्यापेक्षा लवकर सांगू लागते. पहिले वर्ष पैसे न लावता केवळ या नोंदी ठेवून काढले तरी चालते, आणि डिसेंबरमध्ये कोणत्या संघाच्या कोणत्या पायरीवर अंदाज घसरला, हे त्याच वहीत शेजारी लिहून पुढच्या जानेवारीत पोर्टल उघडताच नवा तक्ता मांडायला घ्यावा.